बेटावरून दिसलेला किनारा

प्रभंजन मुतालिक मास्तरांना तसा कुणाच्या कौतुकाचा त्रास होत नसे. दुसऱ्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरला बक्षीस मिळालं तर ते स्वतः पेढे घेऊन अभिनंदनाला जात, आणि परत येताना ‘बरं काढतो, हात जरा जड आहे’ एवढंच म्हणत. पण बायकोचं कौतुक व्हायला लागलं तेव्हा त्यांना ते सोसलं नाही. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत हुबळीत जे झालं ते एवढ्यापायीच झालं.

मास्तर राहायला धारवाडात, केलगेरीला, तळ्याच्या अगदी जवळ. नोकरी हुबळीत, लॅमिंग्टन रोडवरच्या मराठी शाळेत. रोज बसनं जाऊन येऊन. अंगात नेहमी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली आणि चेहऱ्यावर असा भाव की या दोन गावांत चित्रातलं कळणारा माणूस एकच आहे आणि तो आत्ता तुमच्याशी बोलतो आहे.

मास्तरांच्या आयुष्यात एक बेट होतं. कॉलेजात असताना सात-आठ मित्र कारवारला गेले होते आणि तिथून होडी करून समोरच्या एका बेटावर. बेटाच्या माथ्यावर चढून मागं वळलं की सबंध किनारा एका नजरेत मावत नाही, मान डावीकडून उजवीकडं फिरवत न्यावी लागते. डावीकडं नदीचं मुख, मग सुरूच्या झाडांची काळपट रांग, पांढरी वाळू, कोळ्यांच्या होड्या, मधोमध बंदराचा धक्का, उजवीकडं पाण्यात उतरलेले खडक, आणि या सगळ्याच्या मागं डोंगरामागं डोंगर, शेवटचा तर आभाळाच्याच रंगाचा, नीट बघितलं तरच आहे असं कळणारा. हे वर्णन मास्तर अशा थाटात करत की ऐकणारा आपणहून मान फिरवायला लागे. निसर्गचित्राच्या तासाला पोरांना हे बेट, मुंजीच्या पंगतीत शेजारच्याला हे बेट, घरी आलेल्या विमा एजंटालासुद्धा हेच. “बघायलाच पाहिजे. सांगून कळायचं नाही,” असा शेवट ठरलेला, आणि तोवर सगळं सांगून झालेलं असे.

आता खरं काय ते सांगून टाकतो. मास्तर त्या बेटावर गेलेच नव्हते. होडीत पाय ठेवला, होडी डुलली, आणि धक्क्याचा दोर सुटायच्या आतच मास्तरांनी सकाळची इडली समुद्राला वाहिली. पुन्हा चढले, पुन्हा तेच. शेवटी नावाड्यानं दंडाला धरून त्यांना धक्क्यावर आणून बसवलं आणि बाकीचे गेले. मास्तर दिवसभर तिथंच बसून राहिले, बेटाकडं बघत, रडकुंडीला येऊन. संध्याकाळी मित्र परतले तेव्हा त्यांनी एकेकाला धरून विचारलं, डावीकडं काय दिसलं, उजवीकडं काय, डोंगर कसल्या रंगाचे. गुरुप्रसाद नावाच्या मित्राला सांगायची हौस दांडगी. धारवाड येईपर्यंत तो बसमध्ये सांगत राहिला. पुढं मित्र पांगले, कुणी बेळगावला, कुणी पुण्याला. विचारणारं कुणी उरलं नाही तेव्हा मास्तर हळूहळू त्या होडीत चढले आणि एक-दोन वर्षांत बेटाच्या माथ्यावर जाऊन पोचले.

लीलाबाईंनी हे बेट लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं. त्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही, कारण दर मे महिन्यात त्यांनी “एकदा कारवारला जाऊ या की” म्हणायचं आणि मास्तरांनी “किनाऱ्यावरून काय बघायचं? ज्यानं बेटावरून बघितलंय त्याला ते बघवत नाही” म्हणायचं, असं ठरूनच गेलं होतं. मास्तरांना भीती एकच. समुद्र बघितला की ही होडीत बसू म्हणणार.

त्या किनाऱ्याचं चित्र मास्तर कित्येक वर्षं काढत होते. जलरंगात काढून झालं, तैलरंगात काढून झालं. प्रत्येक चित्रात धक्का मात्र सुरेख उतरे. दोराचा पीळ, खांबाला चिकटलेले शिंपले, कडेला वाळत टाकलेलं जाळं, सगळं हात लावून बघावं असं. बाकीचा किनारा धुक्यात. “दमट हवा असते तिथं,” मास्तर सांगत. चित्रं काही पुरी होत नसत. कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ती उभी राहत आणि लीलाबाई आठवड्यातून एकदा त्यांच्यावरची धूळ झटकत.

लीलाबाईंच्या हातात रांगोळी होती. दारात रोज काढायच्या. सणाला जरा मोठी, मोर, कमळ, पालखी. तळ्याकडं फिरायला जाणाऱ्या बायका थांबून बघत. मास्तरांच्या लेखी ती चित्रकला नव्हती. संध्याकाळी जी झाडून टाकायची तिला कला कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता, आणि लीलाबाई त्याला उत्तर देत नसत. ब्रश धुवायला त्यांच्याकडं देताना मास्तर म्हणत, “केस वाकवू नकोस, ही रांगोळी नव्हे.”

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास हुबळीच्या महिला मंडळाच्या अंबूताई घरी आल्या. अंबूताई म्हणजे मंडळाचं सगळं काही. त्यांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड आणि सगळंच हुकमी. त्यांना बघून मास्तरांनी शर्ट नीट केला. दिवाळीत मंडळाचं प्रदर्शन असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि कधीतरी हे लोक आपल्या चित्रांसाठी येणार हेही ठाऊक होतं. त्यांनी कपाटामागचं एक चित्र ओढून पुढं आणायला सुरुवातसुद्धा केली.

“ते असू द्या की, सर,” अंबूताई म्हणाल्या. “मी लीलाकडं आलेय. यंदा हॉलमध्ये एकच मोठी रांगोळी ठेवायची म्हणतोय आम्ही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लीला, तू घालशील का गं?”

मास्तर चित्राची चौकट हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “घाल की. गणपती घाल. नाहीतर मोर. तुला मोर येतो.”

“मी म्हणते,” लीलाबाई म्हणाल्या, “तुमच्या बेटावरून दिसतो तो किनारा घालावा. जागा लांबलचक आहे ना, बरोबर बसेल. लोक चालत चालत बघतील.”

मास्तर हसले, अगदी मनापासून. “न बघता?”

“इतकी वर्षं ऐकतेय की.”

मास्तरांनी परवानगी दिली. दिलदारपणे दिली. न पाहिलेला किनारा ही बाई कशी काढणार आणि काढला तर त्याचं काय होणार, हे दिसत असल्यामुळं देणं सोपं होतं. मनातल्या मनात तर त्यांनी ‘पहिलाच प्रयत्न आहे, समजून घ्या’ असं लोकांना सांगायची तयारीही करून ठेवली.

दिवाळीची सुट्टी लागली आणि दोघं रोज हुबळीला जाऊ लागली. हॉलच्या खिडक्या बंद करून फटींना कागद चिकटवले होते. विटांवर फळी ठेवून लीलाबाई त्या फळीवर बसत आणि काम झालं की फळी पुढं सरकवत. खडूनं एक रेघ ओढली तेवढीच, बाकी सगळं थेट. चहाच्या गाळणीत रंग घेऊन बोटानं हलकेच टिचक्या मारत त्या समुद्राचं पाणी रंगवत होत्या. आधी फिका थर, त्याच्यावर गडद, मग पुन्हा फिका. मास्तरांकडं गाळण्या पुसून द्यायचं काम होतं. पहिल्या दिवशी ते मजेत पुसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चहा पिऊन आत आले आणि दारातच थबकले. फरशीवर समुद्र होता. खोली कळत होती. किनाऱ्याजवळ हिरवट, मग निळा, मग जिथं तळ संपतो तिथला काळा. सुरूच्या झाडांची रांग वाऱ्यानं एका बाजूला कललेली. मास्तरांना हे सगळं तोंडपाठ होतं, पण दिसलं नव्हतं कधी. इतकी वर्षं कागदावर घासून जे एकदाही उमटलं नाही ते या बाईनं चिमटीतून खाली सोडलं होतं.

त्यांना आनंद झाला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांच्या पोटात दुखायला लागलं. हिला कसं जमलं? डिप्लोमा कुणाचा, तास कुणी घेतले, जवळचं-लांबचं दाखवायचं शास्त्र पोरांना कुणी शिकवलं? घरात चित्रकार एकच होता, हे आजवर दोघांनाही मान्य होतं. आता फळीवर बसलेली ती बाई काही न बोलता त्याचा निकाल लावत होती, आणि वर “गाळणी द्या हो” म्हणत होती.

“शेवटचा डोंगर कसा दिसायचा?” लीलाबाईंनी विचारलं.

“लालसर,” मास्तर म्हणाले. “विटकरी.”

लीलाबाईंनी फळीवरूनच मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. “नेहमी तर आभाळाच्या रंगाचा म्हणता.”

“तिथं मी गेलोय की तू?”

“तुम्हीच,” त्या म्हणाल्या, आणि डोंगर आभाळाच्या रंगाचा घातला. तो तसाच बरोबर होता, तेही मास्तरांना दिसलं. संध्याकाळच्या बसमध्ये ते लीलाबाईंच्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसले.

प्रदर्शन उघडलं आणि लोक लोटले. दारातून आत येताना बोलत येणारी माणसं रांगोळीच्या कडेला आली की गप्प होत आणि नदीच्या मुखापासून खडकापर्यंत मान फिरवत हळूहळू चालत जात. मास्तर लोकांना आजवर मान फिरवायला लावत होते ते बोलून. इथं कुणी काही बोलत नव्हतं. “भाळ छंद अद री,” एक कन्नड आजी लीलाबाईंचा हात हातात धरून म्हणाल्या, फारच सुंदर आहे म्हणाल्या, आणि हात सोडायलाच तयार होईनात. वर्तमानपत्रवाला येऊन फोटो काढून गेला. शेजारच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर येऊन म्हणाले, “मुतालिक सर, तुमच्या घरात एवढी मोठी चित्रकार, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“अक्का, तुम्ही कधी गेला होता तिथं?” जो तो विचारी.

“मी कुठली? हे गेले होते. ह्यांनी सांगितलं तसं घातलं,” लीलाबाई म्हणत आणि मास्तरांकडं बोट दाखवत.

मग लोक मास्तरांकडं वळून म्हणत, “नशीबवान आहात.” तेवढं बोलून पुन्हा रांगोळीकडं वळत. दुसऱ्या कुणाला एवढं श्रेय पुरलं असतं. मास्तरांना ते सुपारीच्या खांडाएवढं वाटलं. जेवण तिचं आणि सुपारी आपल्याला, असा त्यांचा हिशेब झाला, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिल्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ते एकटेच रांगोळीच्या कडेनं फिरले. चूक शोधत फिरले, लपवून काय उपयोग. नदी बघितली, वाळू बघितली, खडक बघितले. आणि मधोमध ती सापडली. बेटावरून बघताना धक्का फार लांब पडतो, म्हणून तो जेमतेम बोटभर काढला होता, आणि त्या धक्क्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. भोवतीचं सगळं करडं-तपकिरी आणि मधेच हा पांढरा. चिमटीतून निसटलेला दाणा. मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर धक्क्यासमोरच उभे राहू लागले. कुणी कौतुक केलं की “छान आहे, छानच आहे,” असं म्हणून हातातल्या पेन्सिलीनं ते तिथं दाखवत. “फक्त हे बघा. इथं पांढरं सांडलंय. हाताला शिस्त नसली की असं होतं. तिचा दोष नाही, शिकलेली नाही ती.” काही जण वाकून बघत आणि “हो की” म्हणत. मास्तरांना तेवढं ‘हो की’ दिवसभर पुरे.

अंबूताईंच्या कानावर ते गेलंच. त्या लीलाबाईंना म्हणाल्या, “काय गं, सर म्हणतायत पांढरं सांडलंय. कोरड्या ब्रशनं उचलून टाकायचं का?”

“राहू दे,” लीलाबाई म्हणाल्या.

“दिसतंय ना पण ते.”

“दिसू दे की.”

मास्तरांनी हे ऐकलं आणि सुस्कारा सोडला. चूक दाखवली तरी मान्य करायची नाही, एवढा ताठा चढला हिला. म्हणजे आता कलावंत झालीच.

शेवटच्या दिवशी सकाळी अंबूताईंनी समारोपाच्या पाहुण्यांचं नाव फळ्यावर लिहिलं. बेळगावचे डॉक्टर गुरुप्रसाद. त्यांची बहीण मंडळात होती, तिनं आणवलं होतं. मास्तरांनी नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोच. बसमध्ये धारवाडपर्यंत न थांबता बोलणारा. आणि बोलायची हौस अशी वयाबरोबर कमी होत नाही.

समारोप चारला होता. दुपारी हॉल तासभर बंद ठेवून सगळ्या बायका मागच्या खोलीत जेवायला गेल्या. लीलाबाई म्हणाल्या, “तुम्ही बसा हो इथं खुर्चीवर. मी तुमचा डबा घेऊन येते.”

खुर्ची भिंतीला टेकून होती आणि खुर्चीच्या वर दिव्यांची, पंख्यांची बटणं. पंख्यांच्या बटणांवर पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्यानं बांधून त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं होतं, ‘पंखा लावू नये.’ मास्तर बसले. खिडक्या बंद, हवा कोंडलेली. समोर तो सगळा किनारा ऊन खात पडलेला. चार वाजता गुऱ्या येणार, कडेनं चालत जाणार, धक्क्यापाशी थांबणार आणि सगळ्यांसमोर म्हणणार, प्रभ्या, तू तर इथं बसला होतास. तिच्यासमोर म्हणणार. चित्र तिचं झालंच होतं, आता बेटही जाणार. मग आपल्याकडं राहिलं काय? पांढरा शर्ट आणि दोन पेन्सिली.

रांगोळीच नसली तर? गुऱ्या येईल, हार घेईल, चहा पिईल, जाईल. कोंदटलं होतं म्हणून पंखा लावला, लक्षात आलं नाही. नवरा आहे, काही वैरी नव्हे. लोक हळहळतील, आणि संध्याकाळी झाडूनच टाकायची होती ना ती.

मास्तर उभे राहिले. पुठ्ठ्याचा दोरा सोडला. त्यांनी बटण दाबलं.

टक् असा आवाज झाला. पंखा हलला नाही. मास्तरांनी दुसरं बटण दाबलं. तिसरं दाबलं. तिन्ही पंखे छताला जागच्या जागी स्थिर होते आणि खाली समुद्राचा एक दाणाही हलला नव्हता.

“काय रे प्रभ्या, उकडतंय होय?”

दारात गुरुप्रसाद उभे होते. डोक्यावरचे केस गेले होते, आवाज तोच. बहिणीकडं जेवण उरकून ते लवकरच आले होते. त्यांच्या मागं हातात डबा घेऊन लीलाबाई. त्या कधीपासून उभ्या होत्या ते मास्तरांना कळलं नाही. पुठ्ठा मास्तरांच्या हातात तसाच होता.

“पंख्याचा फ्यूज मी काढून ठेवलाय,” लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. “प्रदर्शन उघडलं त्याच दिवशी. पुठ्ठ्याचा काय भरवसा.” आणि डबा खुर्चीवर ठेवला.

गुरुप्रसादांचं लक्षच नव्हतं. ते रांगोळीच्या कडेला जाऊन पोचले होते. नदीच्या मुखापासून त्यांनी मान फिरवायला सुरुवात केली आणि चालता चालता त्यांचं बोलणं बंद पडलं. खडकांपर्यंत गेले, परत आले. डोळे पुसले.

“वहिनी, असंच आहे हे. शेवटचा डोंगरसुद्धा. मी विसरून गेलो होतो त्याला,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगतो, याला होडी लागली. नावाड्यानं उतरवून ठेवलं. आम्ही वर उभे राहून बघत होतो तर हा धक्क्यावर एवढासा दिसत होता, पांढऱ्या शर्टात. संध्याकाळी आलो तर यानं जीव खाल्ला माझा, सांग सांग म्हणून. आम्ही जाऊन काय केलं? दंगा केला, पोहे खाल्ले, आलो. खरं बेट यानंच लक्षात ठेवलं.”

त्यांनी ते प्रेमानं सांगितलं. मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. त्यांनी लीलाबाईंकडं बघितलं. तिथं आश्चर्य असेल, राग असेल, निदान हसू असेल म्हणून बघितलं. तसं काही नव्हतं.

गुरुप्रसाद वाकून धक्क्यापाशी बघत होते. “अरे,” ते म्हणाले, “हा काय, घातलाय की तुला वहिनींनी.”

मास्तर पुढं गेले. वाकले. तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. दोन दिवस पेन्सिलीनं लोकांना दाखवून दाखवून तो त्यांना पाठ झाला होता. हाताला शिस्त नसली की असं होतं, असं ते ज्याच्याकडं बोट करून सांगत होते तो ठिपका म्हणजे ते स्वतः होते.

बहीण हाक मारायला आली म्हणून गुरुप्रसाद मागच्या खोलीत गेले. हॉलमध्ये दोघंच राहिली.

“तुला कुणी सांगितलं?” मास्तरांनी विचारलं.

“कुणी नाही. तुमची चित्रं पुसते ना मी,” लीलाबाई म्हणाल्या. “प्रत्येक चित्रात दोराचा पीळसुद्धा मोजून घ्यावा असा. आणि बेटावरून म्हणे एवढा लांब धक्का. मला लग्नानंतर वर्षभरातच कळलं, तुम्ही कुठं बसला होता ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतकं छान सांगायचात. मला ते बंद पाडायचं नव्हतं.” त्यांनी डबा उघडून त्यांच्यापुढं धरला. “आणि मला बघायचं होतं हो तिथून. तुम्ही तर काही नेणार नव्हतात. म्हणून फळीवर बसल्या बसल्या मी एकटीच गेले. वर उभं राहून मागं बघितलं तर तुम्ही धक्क्यावर दिसलात. दिसलात तसे घातले.”

मास्तर पोळीचा तुकडा मोडून हातात धरून बसले. लाज वाटत होती. पण त्या लाजेच्याही आत, खोल कुठंतरी, ती जुनी कळ पुन्हा उठलीच. ही तिथं जाऊन आली.

संध्याकाळी समारोप झाला, भाषणं झाली, लीलाबाईंना नारळ आणि शाल मिळाली. मग दर वर्षीच्या पद्धतीप्रमाणे बायकांनी केरसुण्या आणल्या. त्यांच्या आधी मास्तरांनी हात पुढं केला. नदीच्या बाजूनं त्यांनी रांगोळी गोळा करायला सुरुवात केली, सुरूची झाडं, वाळू, होड्या, सगळं एका रंगाचं होत गेलं. धक्क्यापाशी ते क्षणभर थांबले, मग तोही गोळा केला. बादली भरली. ती केलगेरीच्या तळ्यात सोडायची होती.

बसमध्ये ते लीलाबाईंच्या शेजारी बसले, बादली पायांत घेऊन. धारवाडच्या अलीकडचं नवलूर मागं पडलं तेव्हा लीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “या मे महिन्यात कारवारला जाऊ या.”

मास्तरांनी पायांतली बादली जरा जवळ ओढली. मग जे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. “मला होडी लागते.”

“माहीत आहे,” लीलाबाई म्हणाल्या. “तुम्ही धक्क्यावर बसा. मी जाऊन येते. आल्यावर सगळं सांगेन तुम्हाला, डावीकडून उजवीकडं.”

मास्तरांनी मान हलवली. दिवाळी नुकती कुठं संपली होती, मे महिना अजून लांब होता. तरी बस धारवाडात शिरायच्या आतच त्यांना तिचा हेवा वाटायला लागला होता.